एकशे सोळा नंबरचा फ्रॉक

६ मार्च २०१४, गुरुवार

पार्सल पुन्हा खालच्या मजल्यावर! ब्रीफकास्टेनमध्ये, म्हणजे टपालपेटीत, चिठ्ठी – शेजाऱ्याकडे दिलंय. म्हणजे बीराकडेच. भरदुपारी घरात सापडणारा बिल्डिंगमधला तो एकटा. सकाळी सराव, दुपारी आराम – माणसानं फुटबॉलपटू असावं!

खरं नाव उबिरातान. ब्राझीलचा, बेलेम नावाच्या शहरातला. बचावपटू. इंगोलश्टाटपासून थोड्या अंतरावर एका लहान गावाचा क्लब आहे, त्यांच्याकडून खेळतो. दार उघडलं तेच हसत. "पुन्हा फ्रॉक?" त्याचं जर्मन माझ्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं.

"हो, पुन्हा फ्रॉक!" माझ्या लेकीचा, स्पृहाचा. पिवळा, खिशांवर बदकं. इथे मुलांच्या कपड्यांचा नंबर म्हणजे थेट उंचीच, सेंटीमीटरमध्ये. किती सोपं! दीड वर्षापूर्वी दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा मोजली होती, एकशे दहा. मी वाढत्या अंगाचा म्हणून एकशे सोळा घेते.

त्याने विचारलं, मुलगी तिकडे, तू इकडे, असं का? सांगितलं – पुण्याच्या कंपनीने इथल्या प्लँटमध्ये डेप्युटेशनवर पाठवलंय. दोन वर्षं म्हणाले होते. ती संपली, आता सहा महिने वाढवलेत. तर हा एकदम खूश! "तू पण आउसगेलीएन!" म्हणजे उसनी दिलेली. त्याचंही तेच. करार एका मोठ्या क्लबशी, पण त्यांनी आत्तापर्यंत तीन गावांना उसना दिलाय. "गेनाऊ," अगदी तेच, म्हटलं आणि हसले. वर आल्यावर हसू गेलं.

१६ मार्च, रविवार

स्काइपवर स्पृहाने फ्रॉक हातात धरून दाखवला. "अगं, घालून दाखव ना!" – "दिवाळीला घालीन, आई." केवढी जपून वापरते पोर! सासूबाईंवर गेलीये. कॉल संपला की खोली नको होते. चहा केला, प्यायचा राहिला.

१३ एप्रिल, रविवार

बीराने तिकीट दिलं म्हणून काल आयुष्यातली पहिली फुटबॉल मॅच पाहिली. पहिला अर्धा तास वाटलं, हा काही करतच नाहीये. मग कळलं – समोरचा कुठे घुसणार ते आधी ओळखतो आणि नुसता तिथे जाऊन उभा राहतो. काही घडलं नाही की याचं काम झालं! माझी नोकरी तरी काय वेगळी? गाडीचं दार आणि बॉडी यांच्यातली फट मोजायची. साडेतीन मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जास्त भरली की लाइन थांबवायची. फट बरोबर असली की मला कोण विचारतंय!

मॅचनंतर त्याने नडगीवरचं पॅड काढून आतली बाजू दाखवली. टेपखाली फोटो. मुलगी, तालीता. कुरळ्या केसांच्या दोन शेंड्या, हातात अर्धा खाल्लेला आंबा, तोंड सगळं बरबटलेलं. असेल तीन-साडेतीन वर्षांची. "प्रत्येक मॅचला माझ्याबरोबर धावते," म्हणाला. घरी आले आणि स्पृहाचे सगळे फोटो काढून बसले.

९ जुलै, बुधवार

काल वर्ल्ड कपची सेमीफायनल, जर्मनी-ब्राझील. सात-एक. सात! आणि आज आषाढी.

सकाळी निघाले तर बीरा सरावाची बॅग घेऊन जिन्यात बसलेला. पाय उचलेना त्याचा. तिकडे वीस जर्मन पोरं वाट बघत असणार. "मी मैदानात नव्हतो, पण बचाव काय झोपला होता का, हे सगळे मलाच विचारणार." माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, तीच उघडून पुढे केली.

त्याने एक दाणा चिमटीत धरून पाहिला. आणि ओरडलाच – "मांदिओका!" आमचा उपासाचा साबुदाणा त्याच्या गावचा कंद निघाला! त्याची आई म्हणे रोज सकाळी याच पिठाचं घावन करते, वर खोबरं. चौदाव्या वर्षी घर सोडलं तेव्हापासून तो वास विसरला नाही. क्लबच्या वसतिगृहात, मग पोर्तुगाल, मग बेल्जियम, मग इथे. एवढा सहा फुटी गडी, डबा मांडीवर घेऊन हमसाहमशी रडायला लागला. मग मलाही आवरेना. कशासाठी रडले कोण जाणे – माझा काय संबंध ब्राझीलशी!

प्लँटला पंचवीस मिनिटं उशीर. बस चुकली म्हणून सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. "तर मग, फ्राउ ओगले..." नवं मॉडेल येतंय, तुमच्याशिवाय कसं होणार, आणखी दोन वर्षं थांबा. उत्तर पाच सप्टेंबरपर्यंत हवंय. मोठा मान आहे म्हणे.

मोहनला फोन केला. "तूच ठरव. इथलं चाललंय." चाललंय! अरे, एकदा तरी म्हण ना, बास झालं, ये परत म्हणून! बायकोच्या करिअरच्या आड येणार नाही असं लग्नात कबूल केलंय त्याने, तेवढंच धरून बसलाय.

स्पृहा अजून लहान आहे. दोन वर्षं भुर्रकन जातील. हे मीच स्वतःला समजावतेय.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पुण्यात गणपती बसले. आरती स्काइपवर. मोहनने लॅपटॉप खाली पाटावर ठेवला, त्यामुळे सगळ्यांचे नुसते गुडघे दिसले. स्पृहाचे कुठले ते ओळखायला वेळ लागला.

१ सप्टेंबर, सोमवार

बीरा गेला. करार संपला, मोठ्या क्लबला परत नकोय आणि या लहान क्लबला विकत घ्यायचा नाहीये. गुडघ्याचं एक ऑपरेशन झालंय, वय तीस. आता सायप्रस. "तिथे ऊन आहे," म्हणाला, बस्स, एवढंच.

मी शनिवारीच तालीतासाठी हिरवा फ्रॉक आणून ठेवला होता. एकशे चार, वाढत्या अंगाचा. अंदाजात मी सहसा चुकत नाही. त्याने उघडला आणि नुसता धरून उभा राहिला.

"साधना, ती अकरा वर्षांची आहे."

"मग फोटो?"

"मी पोर्तुगालला निघालो त्या दिवशीचा."

मध्ये फक्त दोनदा भेटलीये. आता केवढी झाली, मी विचारलं. त्याने हात छातीपाशी आडवा धरला. मग जरा वर नेला. मग परत खाली आणला. "ग्लाउबे इश," म्हणाला. म्हणजे – असं वाटतं मला.

फ्रॉक मात्र घेऊन गेला. नीट घडी घालून, बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

टॅक्सी गेली, मी वर आले. आणि स्वयंपाकघरात उभं राहून मीही हात आडवा धरला. स्पृहा. कमरेच्या वर? किती वर? कर्म माझं! अर्धा मिलिमीटर कळतो मला!

मोहनला मेसेज केला – टेप घे आणि स्पृहाची उंची मोज. आत्ता.

२ सप्टेंबर, मंगळवार

मोहनचा फोन. "एकशे पंचवीस."

"नीट मोज. टाचा भिंतीला टेकव."

"तीनदा मोजली, साधना." मग हळूच म्हणाला, "वर्षभरात तू पाठवलेला एकही फ्रॉक तिला झाला नाही गं. सहा आहेत, घडीसुद्धा मोडली नाहीये. तीच म्हणाली, आईला सांगू नका. मी मोठी झाले कळलं तर तिला वाईट वाटेल."

खूप भांडले त्याच्याशी. तू तरी सांगायचंस म्हणून. "तू इतक्या हौसेने पाठवायचीस," म्हणाला.

३ सप्टेंबर, बुधवार

स्काइपवर स्पृहाला म्हटलं, मागे मागे जा, पाय दिसेपर्यंत. गेली. ताठ उभी राहिली. मग म्हणाली – "आता तू उभी राहा, आई. तू केवढी आहेस ते मला आठवतच नाहीये."

साहेबांना नकार कळवला. तीस तारखेचं विमान, फक्त जायचं तिकीट.