पाहुणीचा पाट

२ मार्च
आले एकदाची भोईवाड्यात! सातवा महिना. आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच. पुण्याचा फ्लॅट सोडून चाळीतल्या दोन खोल्यांत यायचं म्हणून कुरकुरत होते, पण मागच्या खिडकीतून समोर इस्पितळच दिसतं, माझं नाव घातलंय तेच. स्वप्नील म्हणतो, कळा आल्या तर चालत जाशील. स्वतः नोकरीसाठी नागपुरात, त्याला बोलायला काय जातंय! सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. जाऊबाई दर्शनानं तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी दोनदा भात घेतला. तिची चिमुरडी मनू माझ्या पोटाला कान लावून बसली, बाळ काय बोलतं ते ऐकायला. शेजारच्या व्हायोला आंटी, रिटायर्ड नर्स, माझी सुजलेली पावलं दाबून पाहून गेल्या. उद्या त्या लेकीकडे वसईला निघाल्यात.

७ मार्च
मनू कणकणलीय. माझ्या मांडीवरून उतरेना, मीच भरवलं. पाठीवर फोड दिसले. सासूबाई म्हणाल्या, उष्णता उठलीय. मग त्यांनी कोपऱ्यात रिकामा पाट मांडला, समोर दहीभाताचं ताट. कोण येणार विचारलं, तर म्हणाल्या, पाहुणी.

९ मार्च
पाहुणी कसली! मनूला कांजिण्या आल्यात. घरात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक, पण नाव घेतलं की देवी कोपते, म्हणून मला कुणी सांगितलं नाही! मला लहानपणी आलेल्या नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, असा पेशंट जवळ आला तर ताबडतोब या, वेळेत इंजेक्शन देता येतं. नाहीतर आजार फुप्फुसांत उतरू शकतो, मूल दिवस भरायच्या आत होऊ शकतं. मी चपला घातल्या. सासूबाई दारात आडव्या. पाहुणी घरात असताना उंबरा ओलांडायचा नाही, औषध आणायचं नाही. स्वप्नीलला फोन केला. आई म्हणते तसं कर ना थोडे दिवस, म्हणे. इंजिनिअर आहे हा माणूस! मी शिव्या दिल्या. फोनचा आवाज पाहुणीला खपत नाही म्हणून सासूबाईंनी तोही काढून घेतला. दाराला आतून कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. खिडकीतून ओरडले, तर खालच्या माणसांनी वर बघून देवीला हात जोडले आणि गेली.

२० मार्च
मनू कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाली, खेळतेय. मंगळवारी पाहुणीची ओटी भरून पाठवणी. रागानं मी तिचं ताट मोरीत ओतायला उचललं. भातावर बोटं ओढल्याच्या खुणा. सगळी पुढच्या खोलीत होती. मनूसुद्धा.

२२ मार्च
ताप. छातीवर फोड. सासूबाईंचा चेहरा उजळला. पाठवणी रद्द, पाट माझ्या खाटेशी आणला. व्हायोला आंटी परतल्या, दार वाजवलं. सासूबाईंनी आतूनच सांगितलं, सून माहेरी गेली. माझी आई कधीच गेली, कुठलं माहेर! हाक मारायला गेले तर नुसता खोकला. आवाज फुटेना. थू या घरावर.

२३ मार्च
दम लागतो. पाटावर कुणीतरी— तापात दिसत असेल. पण पाट करकरतो. दर्शना रडत पाणी पाजून गेली. रडतेस काय, किल्ली काढ ना त्यांच्या कमरेची! सासूबाई पाय चेपत मायेनं सांगत होत्या. स्वप्नीलच्या आधी त्यांच्या पोटात मुलगी होती. तेव्हाही पाहुणी अशीच पोटुशीपाशी येऊन बसली. "ती रिकाम्या ओटीन जाणा नाय गो." हसत सांगितलं. हसत!

२४ मार्च
कळा. इतक्या लवकर— आठवासुद्धा पुरता नाही.
इस्पितळाच्या गच्चीवर चादरी वाळतायत. एवढं जवळ—

दार धडधडतंय. आंटी. खोकला ऐकला असणार, माझं नाव घेऊन ओरडतायत. दार तोडतायत वाटतं. सासूबाई दाराला पाठ लावून—

पाट रिकामा.
ती उठली. पदर पसरून खाटेशी—
नाही देणार. ऐकतेस? दहीभात गीळ आणि चालती हो. माझं बाळ आहे—
आंटी, तोडा लवकर, ती वाकलीय, माझ्या पोटाला कान लावून