चारी कोपरे शाबूत

माय,

गेल्या आठवड्यात पोस्टमननं मला आधी खाली बसायला लावलं आणि मगच हातात कार्ड दिलं. त्या दिवसापासून तुला हे सांगायचं मनात आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या बरोबरीची माणसंही आता उरली नाहीत, एक मावशी सोडली तर. तरी सांगायचं तुलाच आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात एवढं काय.

आधी कार्डांचं सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला दिवस मोठा वाटायला लागला. माझ्याबरोबरच निवृत्त झालेल्या एका बाईंनी हा छंद लावला. फोनवर आपलं नाव आणि पत्ता नोंदवायचा. मग जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला आपण एक पोस्टकार्ड पाठवायचं. ते पोचलं की आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो आणि त्याचं कार्ड आपल्याकडे येतं. ओळख नाही, पाळख नाही, पुन्हा लिहिलंच पाहिजे असंही नाही. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या बाईला हे बरं पडतं. चित्रांची कार्डं मी मकबऱ्यासमोरच्या दुकानातून आणते. तो दुकानदार आता ओळखतो. "क्या मॅडम, हर हफ्ते मकबरा ले जाते आप! घर में लगाने का है क्या?" मी म्हणते, परदेशी पाठवायचाय. तर म्हणतो, "फिर दौलताबाद भी भेजो साथ में, अकेला क्यूं जाए?" माझं इंग्रजी फळ्यावर लिहिण्यापुरतंच, त्यामुळं मागे चार साध्या गोष्टी लिहिते. दारात कडुलिंब आहे, आम्ही ज्वारीची भाकरी खातो, यंदा ऊन फार आहे. तिकडून कोणी लिहितं, आमचं तळं गोठलं. कोणी लिहितं, भोपळा लावलाय, बघू येतो का. पत्त्यात पडेगाव आणि पुढं आता छत्रपती संभाजीनगर असतं. जपानमधल्या एकीनं ते एवढं बारीक करून एका ओळीत बसवलं की मलाच भिंग लागलं. काहींच्या कार्डावर अजून औरंगाबाद असतं, तेही येतं. पोस्टमन पिनकोड बघतो.

तुला हे पटलं नसतं. कार्ड म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा, आणि तसा उतरायला मी कारण झाले असं मला आयुष्यभर वाटत आलं.

मी दुसरीत होते. तुला अक्षर येत नव्हतं. तुझ्या लहानपणी गावातली शाळा उर्दूत, तीही मुलांची. पोलिस अॅक्शन होऊन राज्य बदललं, मराठी शाळा आली तोवर तुझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. त्यामुळं मला वाचता यायला लागलं तसं तू मला सारखं वाचायला लावायचीस. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायचीस, "वाच गं." तुला काहीही चालायचं. गूळ बांधून आलेला पेपरचा तुकडा, काडेपेटी, चहाचा पुडा. आम्ही तेव्हा शाळेत सूर लावून वाचायचो, प्रत्येक ओळीचा शेवट लांबवून. तो सूर तुला आवडायचा. "कीर्तनच बसलंय माझ्या घरात," म्हणायचीस आणि गरम भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवायचीस. वाचलं की पापुद्रा मिळतो, एवढंच मला कळत होतं.

त्या दुपारी मावशी आपल्याकडे राहायला आलेली आहे. तुम्ही दोघी दारात बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढताय. बाबा कामावर गेलेत. पोस्टमन येतो, तुझ्या हातात कार्ड देतो आणि लगेच सायकल वळवतो. तू मावशीकडे बघतेस, मग मला म्हणतेस, "वाच." तू कार्ड माझ्यापुढं धरतेस, मी उभी राहते. कार्ड मामाच्या गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. त्यात 'देवाज्ञा' असा शब्द होता आणि 'ज्ञ' मी नुकताच शिकले होते, म्हणून तो मी जरा जास्तच ठासून म्हटला आणि सूरही नेहमीपेक्षा लांब ओढला. आपल्या मातोश्रींना देवाज्ञा झाली. मला वाटलं, आज पापुद्रा नाही, आख्खी भाकरी मिळणार. तू कार्ड माझ्या डोळ्यांपुढून ओढून घेतलंस, त्याचे बारीक तुकडे केलेस आणि ओरडलीस, "कशाला शिकलीस गं मेले वाचायला!" मिरच्यांच्या हातांनी डोळे पुसलेस आणि ते आणखी लाल झाले.

आजी गेली होती, हे मला नंतर समजलं. त्याआधी हे समजलं की मी वाचलं आणि ती गेली. लहान मुलाचा हिशोब असाच असतो. मोठी झाल्यावर तो चुकीचा आहे हे डोक्याला कळलं. पण तू त्या दिवसानंतर मला कधी "वाच गं" म्हणाली नाहीस. गुळाचा कागद सरळ चुलीत जायला लागला. लग्नाच्या पत्रिका तू शेजारणीकडून वाचून घ्यायचीस, मी घरात असताना. पुढं मी शिक्षिका झाले. अर्ध्या पडेगावाची पोरं माझ्या हाताखाली वाचायला शिकली. तुला मात्र मी एक ओळ वाचून दाखवली नाही.

आणि ती कोरी कार्डं. जालन्याला डी.एड.ला निघाले तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तू कार्डांचा एक गठ्ठा बांधून दिलास. बाबांकडून सगळ्यांवर आपला पत्ता लिहून घेतला होतास. म्हणालीस, "महिन्याला एक टाकत जा. लिहू नको काही. चारी कोपरे शाबूत दिसले म्हंजे झालं." मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे तोवर मलाही माहीत झालं होतं. कोपरा शाबूत म्हणजे पोरगी बरी आहे, तुला तेवढंच हवं होतं. मी पेटीत कार्ड टाकायला गेले की तिथला पोस्टातला माणूस हाक मारायचा, "ओ ताई, लिहायचं राहिलं की!" मी म्हणायचे, राहू द्या. वसतिगृहातल्या मुली घरी पानं भरून लिहायच्या. मला वाटायचं, माझ्या आईला माझं अक्षरसुद्धा घरात नको आहे. विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. तुझ्या शेवटच्या आजारपणात तर तुझे पाय दाबत मी तासन्‌तास बसायचे. पण नाही विचारलं. तू गेलीस.

आता त्या दिवसाचं. आमचा पोस्टमन मूळचा करमाडचा, निवृत्तीला आलेला. एरवी फाटकातूनच ओरडतो, "ताई, फॉरेन!" त्या दिवशी हाक नाही. गाडी उभी केली, चप्पल काढून आत आला.

"ताई, आधी बसा. घरात कोन हाय का?"

"का हो?"

"बसा तर खरं. घोटभर पानी प्या."

मी बसले. त्यानं आपली पाण्याची बाटली माझ्यापुढं ठेवली. मुलगा पुण्यात असतो, दुसरा काय विचार येणार मनात? त्यानं पिशवीतून कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. खालचा कोपरा फाटलेला. "आमच्याकडं अजून फाडतेत," तो म्हणाला. "तिकडं फाडतेत का नाय ठावं नाय. पन म्हनलं, एकदम हातात कसं द्यावं." तिकीट फिनलंडचं होतं. फिनलंडमध्ये माझं कोण जाणार? हे कळत होतं, तरी मी आधी तो कोपराच बोटानं चाचपला. तो उभाच. म्हणाला, "वाचा. कोन गेलं बघा."

मी उठून दारातल्या उजेडात उभी राहिले, आणि तो ऐकायला थांबला होता म्हणून मोठ्यानं वाचलं. आधी इंग्रजीत, मग त्याला कळावं म्हणून मराठीत. एका बाईंनी लिहिलं होतं की कोपऱ्याबद्दल माफ करा, आमच्या कुत्र्यानं खाल्ला, पण लाल होडीचं हे चित्र मला फार आवडतं म्हणून हेच पाठवते, कुत्रा मजेत आहे.

"कुत्र्यानं?"

"हो."

"आन कोनी गेलं नाय?"

"नाही. कुत्रासुद्धा मजेत आहे."

"आयला!" म्हणून तो मटकन पायरीवर बसला आणि माझ्यापुढं ठेवलेलं पाणी त्यानंच पिऊन टाकलं. "सकाळपासून पिशवीत घेऊन फिरतोय मी हे. सगळं टपाल आधी वाटलं, तुमचं शेवटाला ठेवलं. जेवलोबी नाय नीट." मग तो हसायला लागला आणि मीही हसले. इतकी की समोरची बाई गॅलरीत येऊन बघायला लागली. तो गेल्यावर ध्यानात आलं, दारात उभं राहून कुणालातरी कार्ड वाचून दाखवण्याची ही माझी दुसरी वेळ. आणि कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कन्नडची एसटी धरली. मावशी आता तिथं मुलाकडे असते. कान गेलेत, जीभ तशीच आहे. कुत्र्याची गोष्ट तिला कानाशी ओरडून सांगितली. म्हणाली, "मेल्या कुत्र्यानं त्या बिचाऱ्याचा घास तोडला की!" तेवढ्यात मी विचारून टाकलं, "मावशी, आजीचं कार्ड आलं तेव्हा मी ते वाचलं नसतं तर?"

"तर काय? तुझा बाप यीस्तवर रडत बसलो असतो. कोपरा फाटलेला दिसलाच व्हता की आमाला. कुनीतरी गेलं ते कळलं व्हतं, कोन गेलं ते कळंना. माय का बाप का भाऊ. तू वाचलंस म्हनून एकीसाठीच रडलो."

माय, माझ्या आठवणीतल्या त्या कार्डाला फाटलेला कोपरा नाही. तिथं तुझा अंगठा आहे. म्हणजे तू "वाच" म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं.

मी म्हटलं, "मग मला ओरडली का ती? कशाला शिकलीस म्हणाली."

"म्हनली असंल. माय मेली व्हती तिची. मला म्हनली, तू हितं कशाला मरायला आलीस, तिच्यापाशी ऱ्हायची सोडून. मी तर कवाच इसरले." मग तिला आपोआपच तुझी आणखी एक गोष्ट आठवली. "तुझं जालन्याचं कार्ड आलं की घेऊन फिरायची गल्लीभर. बायका इचारायच्या, काय लिहिलंय पोरीनं? म्हनायची, सगळं लिहिलंय. म्या म्हनलं, अक्का, कोरं हाय की हे. तर म्हनली, तुला वाचता येतं का? नाय ना? मंग गप."

मावशी रंगवून सांगते, तुला माहीतच आहे. यातलं खरं किती, मी पडताळून बघणार नाही. तू मला पुन्हा वाचायला का लावलं नाहीस, तेही आता नक्की कळायचं नाही. माझ्या तोंडून परत काही वाईट ऐकावं लागू नये म्हणून असेल, किंवा तसं ते मला परत सांगावं लागू नये म्हणून. मला दुसरं कारण धरायला आवडतं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि वेरूळ कधी गेलं कळलं नाही. बसमध्ये मला कधी झोप लागत नाही. पडेगावला कंडक्टरनं उठवलं, "ओ मावशी, उतरा, घर आलं."

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून घडी करून ठेवणार आहे. एक मात्र कबूल करते. लिहून झाल्यावर मी हे दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं. वर्गात इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले, सूर लावू नका, बोलतो तसं वाचा. पण तुला वाचून दाखवायला लागले तर दुसऱ्याच ओळीला सूर लागला.