पाटी मोठी की चित्र

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी सहाच अंगांचा समजावा). तुझा गुडघा नव्या तेलाला दाद देतोय की नाही ते कळव. इथे आम्ही बरे आहोत. फक्त तुझा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, परवापासून गप्प आहेत. त्यांना ओळखणाऱ्याला ही बातमी किती गंभीर आहे ते सांगायला नको, म्हणून सविस्तर लिहिते.

तुला माहीतच आहे, संग्रहालयाचं अनुदान छपराची गळती आणि विजेच्या बिलातच संपतं. नवं चित्र घ्यायचं तर आपल्यासारख्या घरगुती न्यासांच्या तोंडाकडे बघावं लागतं. पैसा आपला, निवड त्यांची, ही आजोबांनी घालून दिलेली रीत. काकांचं म्हणणं, जेवण आपण घालायचं आणि भाजी पाहुण्यांनी ठरवायची, हा कुठला न्याय? यंदा क्युरेटरनी ज्या चित्रकाराचं चित्र मागितलं, तो शेवटी अंथरुणाला खिळला होता आणि पलंगावरून दिसेल तेवढंच रंगवायचा. त्याच्या तरुणपणीच्या चित्रांनी संग्रहालयाची एक भिंत भरली आहे, पण या काळातलं एकही नाही. काकांनी विचारलं, चित्र केवढं? क्युरेटरनी दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरले. काका म्हणाले, एवढ्यासाठी न्यास कशाला, मीच देतो खिशातून. (दिले नसतेच.)

चित्र त्याच्या बायकोकडे होतं. बाई निवृत्त नर्स. घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. काका, क्युरेटर आणि मी असे तिघं गेलो, तर लिफ्ट बंद. काका प्रत्येक मजल्यावर थांबून कलेविषयी एकेक मत देत होते (मत कसलं, धाप). बाईंनी आम्हाला बसवलं आणि आधी काकांची नाडी पाहिली. जरा दम खाल्ल्यावर काकांनी विचारलं, चित्र कुठे आहे? चित्र त्यांच्या डोक्यामागेच होतं आणि त्यांच्या टकलाने चौकट तिरकी झाली होती. बाईंनी काकांना बाजूला सरकवलं, मग चौकट सरळ केली.

आत्या, चित्रात फक्त एक हात आहे. औषधाचा छोटा पेला पुढे करणारा. मनगटापलीकडे काही नाही, बोटं थोडी थकलेली. काकूच्या आजारपणात तिला पाणी, औषध, पेज, सगळं काकांनीच दिलं, तू पाहिलंच आहेस. ते उठले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तिला मी असाच दिसत असेन. नुसता हात."

बाई आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "न्या तुम्ही. पण शेजारी देणाऱ्याच्या नावाची पाटी लावता ना, ती केवढी असते?"

घोडं तिथे अडलं. आजोबांच्या नावाची पितळी पाटी, वेलबुट्टीसकट, या चित्रापेक्षा वीतभर मोठी भरेल. मी खरं ते सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग लोक येणार कोणाला बघायला?" क्युरेटर छताकडे बघत राहिले. (हा प्रश्न त्यांच्या जिभेवर वर्षानुवर्षं असणार, पण देणाऱ्यासमोर कोण तोंड उघडतं.) पाटीचं ठरेपर्यंत चित्र हलणार नाही, एवढं ऐकून आम्ही उतरलो. उतरताना काकांनी कलेविषयी एकही मत दिलं नाही.

बाकी क्षेम. थंडीत पायमोजे घालत जा.

तुझी लाडकी (निदान आत्तापर्यंत) भाची

ता. क. पाटीचा नियम सगळ्या विश्वस्तांनी हो म्हटल्याशिवाय बदलत नाही, आणि उरलीस ती तूच. ती वेलबुट्टी तू किती हौसेने निवडलीस ते मला ठाऊक आहे. तरी विचारते. आजोबांचं नाव चित्राखाली बारीक अक्षरांत, एका ओळीत, चालेल का? मला वाटतं, त्यांना चाललं असतं.

आणखी एक. नाही म्हणायचं असेल तर पत्र लिहू नकोस, फोन कर. काका आज सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन संग्रहालयात गेलेत. तिथे आपण दिलेल्या प्रत्येक चित्राशेजारी एक पाटी आहे. मी क्युरेटरना फोन लावला होता, पण त्यांना बोलता येईना. ते शिडी धरून उभे होते.