समोर बसलेल्याला विचारावे

लिहून ठेवणार आण्णाप्पा कल्लाप्पा सातपुते, वय वर्षे चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा विणकाम, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार वडगाव, बेळगाव, स्वतःच्या घरात.

आज रोजी मी पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डोळे, हात, स्मरण व बुद्धी शाबूत आहेत. हे प्रारंभीच नमूद करण्याचे कारण असे की, नऊ वर्षांपूर्वी माझे कान गेले तेव्हा त्यांच्याबरोबर बाकीचेही सर्व गेले, असे बऱ्याच लोकांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

याआधी मी दिनांक २३ सप्टेंबर २०२४ रोजी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. का केले व का रद्द केले, हे पुढे पाचव्या कलमात येईल. त्यात माझी चूक आहे. ती मी लपविणार नाही.

एक. कानांविषयी. वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांनी मला हातमागावर बसविले. पुढे पंचेचाळीस वर्षे मी यंत्रमाग चालविला, त्यांपैकी शेवटची चौदा वर्षे स्वतःच्या शेडमध्ये. माग सुरू झाले की पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचे ओरडणेसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आम्ही विणकर एकमेकांचे ओठ वाचतो आणि हातांनी बोलतो. मनगट फिरविले म्हणजे धागा तुटला. कपाळाला बोट लावले म्हणजे मालक आले. माझा सोबती सुबराव व मी एका मालकाकडे एकतीस वर्षे समोरासमोरच्या मागांवर होतो. आमची भांडणेही आवाजाशिवाय झाली. एकदा त्याने पलीकडून मला अशी शिवी दिली की मी माग बंद करून त्याच्या अंगावर धावून गेलो. शेडमधील बाकी बारा माणसे पोट धरून हसत होती, कारण ती शिवी सर्वांनी वाचली होती.

सबब, ऐकू न येणे ही शेडमध्ये कधीच अडचण नव्हती. अडचण घरात आहे. घरात माणसे स्वयंपाकघरातून बोलतात, पाठ करून बोलतात, मोबाईलमध्ये बघत बोलतात. मी काय म्हणून विचारले की उत्तर मिळते, "काही न्हाय."

अपंगत्वाचा दाखला काढण्यास मुलगा नागेंद्र मला एका कचेरीत घेऊन गेला होता. तेथील कारकुनाने माझे नाव नागेंद्रला विचारले, वय नागेंद्रला विचारले, आणि हे शाळेत गेले होते काय, हेही नागेंद्रलाच विचारले, कन्नडमध्ये. मला कन्नड उत्तम येते व ओठांवरूनही कळते. मी कन्नडमध्येच उत्तर दिले की चौथी पास, शुद्धलेखनात पहिला. कारकून खुर्चीत दचकला. त्यानंतर त्याने माझा पत्ता नागेंद्रला विचारला.

दोन. सुबरावविषयी. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका दुपारी आम्ही जेवत असता नागेंद्रला फोन आला. त्याचा चेहरा उतरला. मी कोणाचा फोन म्हणून विचारले. तो म्हणाला, "काही न्हाय आप्पा, जेवा तुम्ही." मी जेवलो. चौथ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे शहापूरला सुबरावच्या घरी गेलो. दारात त्याच्या पत्नी शालूबाई बसल्या होत्या, कपाळ मोकळे होते. त्या मला एवढेच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आला न्हाईसा."

मी भाकरी खात होतो, त्या 'काही न्हाय'मध्ये सुबराव गेला होता.

नागेंद्रला जाब विचारला तेव्हा त्याने सांगितले की मला काही समजावून सांगायचे म्हणजे फार वेळ लागतो, जेवण झाल्यावर सांगणार होतो, मग राहून गेले. एकतीस वर्षांच्या सोबत्याला खांदा देणे राहून गेले. याची भरपाई कोणत्याही कलमाने होणार नाही. तरी सुबरावचा मोठा पान्हा माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, तो शालूबाईंना हातोहात पोचवावा. मी स्वतः दोनदा घेऊन निघालो व दोन्ही वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत आलो.

माझ्या मृत्यूची बातमी मोबाईलवर टाकून मोकळे होऊ नये. जवळच्या प्रत्येकास समोर जाऊन सांगावी, तो जेवत असला तरी.

तीन. ऐकण्याचे यंत्र. नागेंद्रने हौसेने आणून दिले, त्याबद्दल तक्रार नाही. त्यात कुकरची शिट्टी ऐकू येते, स्टीलचे भांडे पडलेले ऐकू येते, माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. हे यंत्र डबीसह माझे जावई विक्रम यांस द्यावे. ते दर भेटीत माझ्या कानाला तोंड लावून "मामा, मशीन लावा की" म्हणून ओरडतात. कानाला तोंड लावले की मला ओठ दिसत नाहीत, आणि कान तर नाहीतच. जावई म्हणून आजवर मी काही बोललो नाही. ते यंत्र त्यांनी एक आठवडा लावून पाहावे.

चार. माझी मुलगी अंजनी, सासर खानापूर. माझी कै. पत्नी गुणाबाई हिचे सर्व दागिने तिला द्यावेत व बँकेतील ठेवीतून माझे दिवस करून जे उरेल तेही तिलाच द्यावे. अंजनी मोबाईलवर चेहरा दाखवून बोलते तेव्हा आधी उठून खिडकीशी उजेडात जाऊन बसते. हे तिला कोणी शिकविलेले नाही. नवऱ्याला मात्र तिने शिकवावे.

पाच. रद्द केलेल्या मृत्युपत्राविषयी. दिनांक २२ सप्टेंबर, रविवार, सकाळी आमच्या सोप्यात घर व शेड विकत घेणारा एक इसम आला होता. हे विकून टिळकवाडीत फ्लॅट घ्यावा असे नागेंद्रच्या मनात दोन वर्षांपासून आहे. त्याचे ऑफिस तिकडे आहे, आणि साड्यांच्या धंद्यात आता राम उरलेला नाही, हे मलाही दिसते. तो विचार वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे वेगळे आहे.

मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो होतो. नागेंद्र माझ्या समोर होता. सून मंगल चहा घेऊन आली व माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या इसमाने माझ्याकडे हनुवटी करून म्हाताऱ्याची सही लागेल काय, असे विचारले. नागेंद्र म्हणाला, "आप्पांना ऐकू येत न्हाय. आता तेवढं समजत बी न्हाय. मी सांगतो, तुम्ही कागद करा."

ही वाक्ये मी नऊ फुटांवरून वाचली. माझ्या मुलाने, ज्याला मी पाळण्यापासून मागांच्या खडखडाटात वाढविले, ज्याला आमची हातांची भाषा पाचव्या वर्षी येत होती, त्याने मी विणकर आहे हेच विसरून माझ्यासमोर ती उच्चारली. त्यानंतर मंगलचा हात हलला. ती काही बोलली असावी. तो इसम हसला, चहा अर्धा ठेवून उठला व निघून गेला. नागेंद्रने मान खाली घातली.

मी असे ठरविले की मंगलने माझ्यावर काही विनोद केला. दुसऱ्या दिवशी मी मृत्युपत्र लिहिले. त्यात घर व शेड अंजनीला दिले, नागेंद्रला काही दिले नाही, आणि मंगलच्या नावे दोन स्टीलचे डबे लिहून तिच्याविषयी एक वाक्य लिहिले, ते येथे पुन्हा लिहिण्यासारखे नाही. त्या दिवसापासून मी तिच्या हातचे पाणी घेणे बंद केले. एक महिना व आठ दिवस मी माठातून स्वतः पाणी घेतले. तिने काही विचारले की मी म्हणत असे, काही नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी मागांना तेल घालीत होतो. नागेंद्र शेडमध्ये आला व माझ्या समोर उभा राहून भांडू लागला. कित्येक वर्षांनी तो माझ्याकडे तोंड करून इतका वेळ बोलला. भांडण असूनही मला बरे वाटले, हे खरे लिहितो. तो म्हणाला, "त्या दिवशी गिऱ्हाईक उठून गेलं ते तुमच्या सुनेमुळं. मामा समोर बसलेत, त्यांस्नीच विचारा, न्हायतर चहा घ्या आन् जावा, असं म्हणाली ती त्याला. माझ्यादेखत. आन् तुम्ही तिच्या हातचं पाणी घेईना झालाय."

मी माग पुसत राहिलो. फडके कोरडे होते.

जो माझ्याकडे पाठ करून बोलतो तो माझ्याविरुद्ध बोलतो, असा हिशेब मी नऊ वर्षे धरून चाललो. मला कोणी विचारीत नाही म्हणून मी घरभर चिडून राहिलो, आणि मंगल काय म्हणाली हे मी मंगलला विचारले नाही. सदर चूक माझी आहे, कानांची नाही. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे पाणी मागितले. तिने दिले. माफी मागणे मला जमलेले नाही, म्हणून येथे लिहून ठेवीत आहे: मंगल, माझे चुकले.

सहा. घर व शेड दोन्ही माझी स्वकष्टार्जित आहेत. घर नागेंद्र व मंगल या दोघांच्या नावे निम्मे निम्मे राहील. शेड, त्यातील चार माग, धोटे, बीम व सर्व हत्यारे एकट्या मंगलची राहतील. अंजनीला हे मी दोन नोव्हेंबरला तोंडासमोर सांगितले असून तिची हरकत नाही. माग चालवावेत अशी अट मी घालीत नाही. भंगारात गेले तरी चालतील. टिळकवाडीला जायचे तर जावे. मात्र शेडचे काय करायचे ते मंगलला विचारावे, आणि विचारताना नागेंद्रने तिच्या समोर बसावे.

सात. गल्लीतील गणेश मंडळाने मला सल्लागारपदावरून प्रकृतीच्या कारणास्तव मुक्त केले. माझ्या प्रकृतीस काही झालेले नव्हते. मंडळास वर्गणीखेरीज काही देऊ नये. मूर्तीसाठी मी विणून दिलेला जरीचा शेला परत मागू नये. तो देवाचा आहे, मंडळाचा नाही.

वरील मजकूर मी आज साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखविला. माझा आवाज कसा लागला ते मला ठाऊक नाही. त्यानंतर माझ्या कानाच्या डॉक्टर व साक्षीदार डॉ. सौम्या यांनी तोंडावरचा मास्क खाली केला, खुर्ची माझ्या समोर ओढली व तीन प्रश्न विचारले: हा कागद कशाचा आहे, यात कोणाला काय दिले आहे, आणि हे कोणी तुमच्याकडून लिहवून घेतले आहे काय. त्यांचे मराठी कन्नड वळणाचे आहे, ओठांवर थोडे उशिरा कळते. दुसऱ्या प्रश्नाला मला वेळ लागला. नागेंद्र दारात उभा होता. त्याचे तोंड उघडलेले मी पाहिले. मग त्याने ते मिटले आणि तो थांबला. तिन्ही उत्तरे मी दिली.

सही: आण्णाप्पा कल्लाप्पा सातपुते
ठिकाण: वडगाव, बेळगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

साक्षीदार:
१. डॉ. सौम्या हिरेमठ, कानाच्या डॉक्टर, मूळ राहणार चिकोडी
२. मारुतीराव भातकांडे, शेजारी, निवृत्त पोस्टमन

हजर, परंतु साक्षीदार नाहीत: मुलगा नागेंद्र, सून मंगल.