पिवळ्या फलालीनचा सूर्य

बाई, तुमचा सूर्य अजून माझ्याकडे आहे. पिवळ्या फलालीनचा, कडेने टाके घातलेला, एक किरण उंदरानं कुरतडल्यामुळे आखूड. लग्नानंतर मी प्रतापनगरचं बालमंदिर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला हरणीला राहायला गेले, तेव्हा तुम्ही तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुझ्या वर्गात लाव. पण बाहेर बघून लाव हो." हे शेवटचं वाक्य सहज होतं की मुद्दाम, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कुणाला विचारणार? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, आणि या पावसाळ्यात ती फार टोचायला लागली.

बालमंदिराच्या त्या दोन खोल्या मला आजही स्वच्छ दिसतात. रेल्वे कारखान्याचा भोंगा होतो, क्वार्टर्समधले वडील सायकलवरून मुलांना दारात उतरवून पुढे जातात, प्रार्थना होते आणि मग तुमचा तो नेम. रोज एका मुलानं खिडकीपाशी जायचं, बाहेर बघायचं आणि काय दिसलं ते फलालीनच्या फळ्यावर लावायचं. ऊन, ढग, पाऊस, वारा, सगळे कापडाचे तुकडे पत्र्याच्या डब्यात. फळा मोठा होता, मुलं आपली खालच्या अर्ध्यात लावायची. त्यानंतर जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तुम्ही स्वतः काढलेलं चित्रांचं पुस्तक, आणि मग कातरकाम. खंडेराव मार्केटात भाजी घेताना फळवाल्यांकडून पेट्यांमधले रंगीत कागद मागून आणायचात तुम्ही. मला तर लाज वाटायची बाई, खरं सांगते. एवढ्या शिकलेल्या घरातली बाई आणि कागदाच्या चिंध्या मागते! आता मीही मागते.

आणि तो पाहुण्यांचा दिवस. कचेरीतून दोन मोठ्या बाई बालमंदिर बघायला यायच्या होत्या. मी तुमच्या हाताखाली नवीन, हौस दांडगी. आठवडाभर खपून पावसाची तयारी केली होती. दोऱ्याला कापसाचे ढग, प्रत्येक मुलाच्या हातात कागदी छत्री. आणि नेमकं त्या सकाळी भर श्रावणात असं कडकडीत ऊन पडलं की डोळे दिपावेत. पाळी होती क्वार्टर्समधल्या एका मुलीची, चार वर्षांची, अबोल. पाहुण्या आल्या, छत्र्या बघून खूश झाल्या, चहा घेऊन गेल्या. त्या गेल्यावर तुम्ही फळ्याकडे पाहिलंत. फळ्यावर पाऊस. "हा कुणी लावला गं?" मी मुलीकडे बोट दाखवलं. तुम्ही तिला हाताला धरून खिडकीशी नेलंत. "बघ बाळ, काय दिसतंय?" "ऊन." तुम्ही हात उंच करून वरच्या कडेचा पाऊस काढलात, सूर्य तिच्या हातात दिलात, तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं तो खाली लावला. मग मला म्हणालात, "कुणीही येवो, फळ्यावर खोटं हवामान ठेवायचं नाही. मुलं आपल्यावर विसंबून असतात." मी आपली नंदीबैलासारखी मान हलवली.

आता हरणीच्या नर्सरीत मुलं गुजराती, मला सगळे 'बेन' म्हणतात. हवामान मोबाइलवर येतं, पालकांना रोज फोटो पाठवावे लागतात, पण तुमचा नेम मी सोडलेला नाही. माझ्या वर्गात एक चार वर्षांचा मुलगा आहे. त्याचं घर तळमजल्यावर. मागच्या वर्षी नदीचं पाणी घरात शिरलं, बापानं त्याला खांद्यावर घेऊन गच्चीवर नेलं. तेव्हापासून आभाळ भरलं की हा दोन्ही कान दाबून माझ्या टेबलाखाली. एकच प्रश्न, पाणी येईल का, "बेन, पाणी आवशे?" पावसाचं पुस्तक उघडलं, त्यातली बेडकं न् होड्या बघून बाकीची पोरं खिदळतात, आणि हा थरथरतो. कसं बघवेल हो?

म्हणून मी काय केलं, तर खिडकी लावली, पडदा ओढला, ट्यूबलाइट लावली आणि तुमचा सूर्य फळ्यावर चिकटवला. "बघ, ऊन आहे!" बाहेर रिपरिप चाललेली. त्यानं विश्वास ठेवला. तीन दिवस असंच. चौकोनी कागद दुमडून त्यानं होडीसुद्धा केली. आई खूश, "बेन, हवे तो रडतो ज नथी," आता रडतच नाही म्हणे. आणि मीही फुशारले. चौथ्या दिवशी मावशींनी झाडताना पडदा सारला. काचेवर पाणी वाहत होतं. तो रडला नाही बाई. आधी काचेकडे, मग फळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. दुसऱ्या दिवशी तो फाटकाच्या आत पाऊल टाकेना. आई ओढतेय, हा गजाला घट्ट धरून ओरडतोय, "बेन खोटुं बोले छे!"

मी तिथेच ओल्या पायरीवर बसले. साडी भिजली तर भिजली. त्याच्याच भाषेत म्हटलं, हो रे, खोटं बोलले. पाऊस होता आणि मी ऊन लावलं. तू घाबरशील म्हणून मीच घाबरले. बराच वेळ तो गजाला धरून होता. मग त्याचा तोच प्रश्न, पाणी येईल का? 'नाही' हा शब्द अगदी ओठावर आला होता. मी म्हटलं, मला माहीत नाही, आपण दोघं बघत राहू. त्याला खिडकीशी नेलं. अंगणातलं पाणी कोपऱ्यातल्या जाळीतून खाली जात होतं. ते त्यानं किती तरी वेळ पाहिलं. "जाय छे," तो म्हणाला. मग डब्यातून पाऊस काढून स्वतः फळ्यावर लावला. कान अजून दाबतो, दर दहा मिनिटांनी जाळी बघून येतो. पण येतो शाळेत.

त्या चिमुरड्यापुढे कबूल करता आलं, तुमच्यापुढे नाही. बाई, त्या दिवशी त्या मुलीनं सूर्यच लावला होता. तिची पाठ वळल्यावर तो काढून पाऊस मी लावला आणि बोट तिच्याकडे दाखवलं. हा कागद आता सूर्याबरोबर डब्यातच राहील, दुसरीकडे कुठे धाडणार? एवढंच सांगते, घाईत मी तो पाऊस माझ्या उंचीवर, अगदी वरच्या कडेला लावला होता. चार वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.