सगळे बाळ, मी मात्र मॅडम

प्रिय कोरीनताई,

लुआनचा साष्टांग नमस्कार. (गुडघे दुखतात, तेव्हा तूर्त मानेपासून वरचाच समज.) तुझी पाठ आता कशी आहे? सिएटलचा पाऊस थांबला की अजून तसाच? इकडे सगळं क्षेम आहे. आमच्या नवरोबांचा, रँडलचा, रक्तदाब ताळ्यावर आहे, आईच्या अंगणातला मॅग्नोलिया यंदा उगाचच भरभरून फुललाय, आणि मी तुझ्यावर जळते आहे. एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तू मोठी बहीण, तुला कारण विचारायचा हक्क आहे.

कारण म्हणजे आपल्या पर्डीज हॉटेलातल्या मिस व्हर्नेल. हो, त्याच. अजून तिथेच ताटं वाढतात. (आपण शाळेत होतो तेव्हाही त्या म्हाताऱ्याच दिसायच्या. आता निदान वयाने त्यांच्या चेहऱ्याला गाठलंय.) आई गेल्यापासून मला चुलीपाशी उभं राहवत नाही, म्हणून आम्ही दुपारचं बहुतेक तिथेच जेवतो. ताट तेच आहे. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, आणि मॅकरोनी ही भाजीच, याबद्दल गावात अजून दुमत नाही.

तर मिस व्हर्नेल सगळ्यांना 'बाळा' म्हणतात. रँडलच्या डोक्यावर एक केस नाही, तरी त्याला, "चिकन आणू की मीटलोफ, बाळा?" आपले पाद्रीबुवा एका खुर्चीत मावत नाहीत, तेही बाळ. मध्यंतरी हायवेवरून रस्ता चुकून एक ट्रकवाला आत आला, नुसता पत्ता विचारायला, तर दारातच त्याला, "हात धुऊन बस, बाळा." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमच्यासाठी काय आणू, मॅडम?"

मला आधी वाटलं, चहाचा राग असेल. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून मी बर्फाचा चहा बिनसाखरेचा मागते, आणि आपल्याकडे दक्षिणेत बिनसाखरेचा चहा मागणारी बाई म्हणजे उत्तरेकडून आलेली किंवा कर वसूल करणारी. म्हणून मी डॉक्टरांना न सांगता चार दिवस गोड चहा ढोसला. "अजून ओतू का, मॅडम?" मग मी रुसून दुसरीकडे जेवायला लागले. नदीकाठच्या मासेवाल्याकडची पोरगी मला 'राणी' म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. बार्बेक्यूवाल्याने 'लाडके' म्हणून बरगडीचा एक तुकडा जास्त वाढला. पोट भरलं. पण दुसऱ्याच्या आईने चुकून आपल्या डोक्यावरून हात फिरवावा तसं वाटत राहिलं, आणि मी मुकाट्याने पर्डीजमध्ये परतले.

गेल्या रविवारी पाद्रीबुवांनी प्रवचनात नोहाच्या नौकेत एकेक जनावर सावकाश चढवलं. (पलीकडच्या मेथडिस्ट चर्चचे बुवा आटोपशीर आहेत. आम्ही पर्डीजला पोचेपर्यंत कोंबडीच्या सगळ्या तंगड्या मेथडिस्टांच्या पोटात गेलेल्या असतात. पण तो जळफळाट वेगळा, त्यात गाव माझ्या सोबतीला आहे.) उरलंसुरलं जेवून होतंय तोच मिस व्हर्नेल आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कसं आहे माझं बाळ?"

ताई, मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मी म्हटलं, "बरी आहे हो, मिस व्हर्नेल."

"तुम्ही नाही हो! कोरीन. थंडीत तिला खोकला व्हायचा ना?"

तुला नातू आहे, ताई! वर्षानुवर्षं तू इकडे फिरकली नाहीस, आणि इथे तुझ्या खोकल्याची चौकशी! माझा ताबा सुटला. भरल्या हॉटेलात मी विचारलं, "रस्ता चुकलेला ट्रकवाला बाळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली कोरीन बाळ, मग मीच कशी मॅडम?"

त्यांनी नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. बोलता बोलता मी सगळी ताटं एकावर एक रचली होती, चमचे ग्लासात उभे केले होते आणि कागदाने टेबल पुसत होते.

"एवढ्याशा होतात तेव्हापासून रचताय," त्या म्हणाल्या. "आईचं, बहिणीचं, सगळ्यांचं. कोरीन तशीच उठायची, ओठाला गोड पीच कॉबलर फासून. तिचं तोंड मीच पुसायची. तुम्हाला बाळ कसं म्हणू? मला तर धाक असतो, आज मलाच कामाला लावताय की काय!"

सगळे हसले. रँडल सगळ्यांत जास्त. (तो सध्या बैठकीतल्या कोचावर झोपतो.)

शेवटी शेवटी आई मला विचारायची, "गोळ्या आणल्यास?" आणि मग, "आज माझं बाळ फोन करेल का गं?" नंबर मीच लावून द्यायची. तक्रार नाही. बरं, आहे.

तुझी,
लुआन (मॅडम)

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात गुरुवार आला. आईचा वाढदिवस. मी एकटीच पर्डीजमध्ये गेले, ताटाला हात लावायचा नाही असं ठरवून. पण मला तीन भाज्याच निवडता येईनात. आई नेहमी बटाट्याचा लगदा मागायची आणि अर्धा माझ्या ताटात सरकवायची. मी मेनूकडे बघत बसले. मिस व्हर्नेलनी माझ्या हातातून मेनू काढून घेतला आणि स्वतःच्या मनाने ताट भरून आणलं. बटाटा दुप्पट, वेगळ्या ताटलीत. म्हणाल्या, "खा, बाळा."

मी खाल्लं. ताट नीट दिसत नव्हतं, पण खाल्लं. मग त्या कॉबलर आणायला आत गेल्या आणि माझ्या या मेल्या हातांनी काय केलं असेल, तू ओळखलंसच. त्या परत आल्या, रचलेल्या ताट-ताटलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थँक यू, मॅडम."

ता. ता. क. आता खरं काम. आईच्या थडग्यावर दगड बसवायचाय, त्यासाठी तू ये. आपण पर्डीजमध्ये जाऊ. त्या तुला बाळ म्हणतील, म्हणू देत, मी गिळेन. पण जेवण झालं की टेबलाखाली माझे दोन्ही हात रँडल धरून ठेवेल, आणि ताटं तू रच. मोठं ताट खाली, छोटं वर, हाडं सगळ्यांत वरच्या ताटात. तुला कधी करावं लागलं नाही, म्हणून लिहून ठेवते.