या वेळचा शिलारस दाट आहे

प्रिय चिमे,

अक्षर बघून हसू नकोस, घाईत लिहितोय. आधीच सांगतो, मी चुकलो. ज्याला तू चारचौघांत डोंगराचा डॉक्टर म्हणून मिरवतेस, तो तुझा दादा साफ चुकला. लिहितानाही मान वर होत नाहीये.

मागच्या वेळी डोंगर उतू गेला तेव्हाचं आठवतं? लाल रस मधासारखा रेंगाळत गल्लीत आला आणि तू दोरीवरचे कपडे काढून, घड्या घालून मग निघालीस. वर म्हणालीस, याच्यापेक्षा आमच्या सासूबाई तापट! ज्वालामुखीतला तो वितळलेला दगड, तो शिलारस, पातळ होता गं, सिलिका कमी. पातळ रसातून वायू सहज निसटतो आणि रस मुकाट वाहून जातो. सिलिका वाढली की तोच रस कणकेसारखा चिकट होतो. वाहायचं सोडून डोंगराच्या नळीतच अडकतो, वायू आत कोंडत राहतो आणि एक दिवस सगळं फुटतं. तेव्हा घड्या घालायला वेळ मिळत नाही.

हे मी वेधशाळेत नव्या पोरांना शिकवतो. आणि या खेपेला तपासायला दगड कुठला उचलला? जुन्याच प्रवाहाचा, रस्त्याच्या कडेचा. ताजी राख वर कड्यावर पडली होती, पण गुडघा दुखत होता आणि याही वेळी रस नुसता वाहणार याची मला तर खात्रीच होती. तू बॅग भरलीस, तेव्हा मी हसत हसत ती रिकामी केली. तुझा स्वेटर या हातांनी परत कपाटात ठेवला. आज सकाळी वेधशाळेतल्या आमच्या बाईंनी कड्यावरची राख तपासली. सिलिका भरमसाट. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि आज माझ्या तोंडी तेही शोभत नाही.

गाव सोडायचा भोंगा दुपारीच वाजला, फोन बंद पडलेत. मला खालच्या वस्त्यांना सूचना द्यायच्या आहेत म्हणून इथून हलता येत नाही. आणि तुला आणायला पाठवलेला जीपवाला आत्ता रिकामी जीप घेऊन परत आलाय. सांगतोय, सगळी गल्ली निघून गेली, एकट्या ताई दारात बसल्यात. म्हणतात, दादाने सांगितलंय हा नुसता वाहतो, दादाच्या हातचं लिहून आणा, मगच उठेन. अगं वेडे, एवढा विश्वास कुणी ठेवतं का? हे घे दादाच्या हातचं. जीप दारात उभी आहे. बॅग भरू नकोस, कुलूप शोधू नकोस. कपडे दोरीवरच राहू देत. ऊठ.

तुझाच, तोंड दाखवायला जागा न उरलेला,
दादा